किर्तीच्याच हातून

चिंचपोकळी, मुंबई
सोमवार, १८ मे

चि. नलूस,

तुझ्या आयचा, तुळसाचा, पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नुसता नमस्कार सांग. आशीर्वाद दिला की ते घाबरतात, त्यांना वाटतं म्हातारी आता काहीतरी मागणार.

किर्ती म्हणते, इथे ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं घालायचं असतं. कारण आहे, पण ते आत्ताच सांगितलं तर पोरगी पेन टाकून उठेल. म्हणून आधी बाजार. (हे लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं. बघू दे.)

आज सोमवार, म्हणजे गिऱ्हाइकाचा उपास आणि माझ्या गुडघ्यांना सुट्टी. जूनपासून मासेमारीला बंदी लागेल, होड्या वर ओढतील, म्हणून भाव आत्ताच चढलेत आणि लालबागेतल्या बाया मला असं बोलतात जशी काय बंदी मीच काढली. काल एकीने सुरमईला बोट लावून विचारलं, ताजी आहे ना गो? मी म्हटलं, तुझ्या-माझ्यापेक्षा ताजी आहे. घेतली तिने.

किर्ती बारावी पास झाली ते तुला कळलंच. ते दुसरंही पास झाली. ते काय आहे हे मी माझ्या शब्दांत सांगते, आणि तिला म्हटलंय, सुधारायचं नाही. तुमच्या पुण्याचं ते कॉलेज दर शनिवारी दादरला अकरावी-बारावीच्या पोरांसाठी डिग्रीचा वर्ग भरवतं. पोरं शाळकरी, विषय डिग्रीचा, पेपरही डिग्रीचा. पास झालं की तो विषय पोराच्या नावावर कॉलेजात जमा राहतो. त्याला क्रेडिट म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, आमच्याकडे क्रेडिट म्हणजे उधारी, आणि उधारीवाल्याला मी बांगड्याचं शेपूटसुद्धा दाखवत नाही. ही हसून लोळली. म्हणाली, आजी, हे उलटं आहे, आधी काम करायचं, मग नावावर लागतं.

तर दोन वर्षांत हिने डिग्रीचं पहिलं वर्ष बारावी करता करता उरकलं. पुण्याला गेली की एकदम दुसऱ्या वर्षात बसणार.

खालचा रमाकांत, ज्याने पोस्टात जन्म काढला, तो सुरुवातीला म्हणायचा, तुळसाबाय, दोन होड्यांवर पाय ठेवू नये. मी त्याला म्हटलं, तू भाऊच्या धक्क्यावर कधी आलायस का रे? तिथे होड्या एकीला एक बांधलेल्या असतात. पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर पाय टाकत गेल्याशिवाय मासळी हाताला लागत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी तेच करतेय. पडली ती घाबरलेली बाई, दोन होड्यांवरची नव्हे.

असं बोलले खरी. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. कॉलेजात लवकर शिरली म्हणजे घरातून लवकर निघाली. तिच्या नावावर एकेक विषय जमा होत होता आणि माझ्या बाजूने एकेक महिना वजा होत होता. शनिवारी संध्याकाळी दादरहून यायची, चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागायची, आज हे शिकवलं, आज ते विचारलं. मी वाह गो वाह म्हणायचे. आतून मोजणी वेगळीच चाललेली.

आता तुझ्या फोनचं.

तू किर्तीला फोन केलास, की यंदा तुला ठेवून घ्यायला जमणार नाही, शंतनुची दहावी आहे, घर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. ही ‘बरं आत्या’ म्हणाली आणि भांडी घासायला बसली. मला वाटलं होतं रडेल. मी रडणाऱ्या पोरीची तयारी करून बसले होते, लाडू आणून ठेवले होते. रडली नाही. दुसऱ्या दिवशी दादरच्या अपूर्वा मॅडमना सांगून आली की मी येत नाही, परळच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घालीन. मॅडम म्हणाल्या, तिथे हे जमा केलेलं धरणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. ही म्हणाली, करीन. मॅडमनी तरी तीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवलीय.

आणि मग ही माझ्याबरोबर बाजारात यायला लागली. म्हणते, आता शनिवार मोकळाच आहे. माझ्या बाजूला पाट टाकून बसते आणि ओरडते, या ताई, पापलेट बघा. नलू, हुबेहूब माझा आवाज. बाजूची बुधाजीची बायको म्हणाली, तुळसे, गादी चालवायला आली गो तुझी नात. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर सबंध सकाळभर माझ्या कोयत्याला धार नव्हती. जे मागितलं होतं ते पाटावर येऊन बसलं होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तुझा फोन आला की ही उचलत नाही. तुझं नाव निघालं की विषय बदलते. तू काहीच केलेलं नाहीस आणि सगळं तुझ्या डोक्यावर.

किर्ती, पुढचं नीट लिही. गाळू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी मी हे रमाकांतकडून वाचून घेणार आहे.

नलू, जागा नाही हे तुझं म्हणणं नव्हतं. ते माझं होतं, तुझ्या तोंडून वदवलेलं. ही दादरला गेलेली असताना मी शेजारच्या प्रितीच्या मोबाइलवरून तुला फोन केला. तू म्हणालीस, आय, मी गॅलरीतला पलंग मोकळा केलाय, पडदा शिवलाय. मी म्हटलं, तो पडदा तुझ्या खिडकीला लाव. तू विचारलंस, तिच्या भल्यासाठी बोलतेस ना? मी हो म्हटलं. फोनवर खोटं बोलायला सोपं जातं. कागदावर दुसऱ्याचा हात लागतो, आणि मला हाच हात पाहिजे होता.

इथे पेन टाकून ही उठली. गॅलरीत जाऊन आली.

आता विचारते, आजी, हे लिहायचं का? मी म्हटलं, हे लिहिण्यासाठीच पत्र काढलंय.

मी तुला गुडघ्याचं, डोळ्याचं, औषधाच्या चिठ्ठ्या कोण वाचील त्याचं कारण दिलं होतं. ते काही खरं नाही. चिठ्ठ्या रमाकांत वाचतो, नको म्हटलं तरी वाचतो. खरं एवढंच आहे की हिचा बाप, माझा स्वरूप, गेला आणि सून तिच्या वाटेला लागली, तेव्हापासून हे पोर माझ्या समोर ताट घेऊन बसलंय. एका ताटासाठी चूल पेटवायची मला भीती वाटली. अख्ख्या बाजाराशी भांडणारी बाई एका ताटाला भ्यायली. हस पाहिजे तर.

किर्ती आत्ता म्हणाली, ते तसंच लिहायला सांगते: “मला विचारायचं होतंस. मी राहिले असते.”

तेच तर, बाय. विचारलं असतं तर तू राहिली असतीस, आणि रोज समोर बसलेली बघून मला आठवलं असतं की ही माझ्यासाठी थांबलीय. मला तू न मागता पाहिजे होतीस. असं कुणी कुणाला मिळत नाही, हे या वयात मला कळायला हवं होतं.

नलू, पलंग पुन्हा मोकळा कर. शंतनुला सांग, बहीण आली म्हणून त्याचा अभ्यास बुडणार नाही. झाला तर थोडा सुधारेलच. ती येईल की नाही हे मात्र माझ्याकडून लिहून घेऊ नकोस. तिच्यासाठी मी एकदा ठरवलंय, पुन्हा ठरवायचा हक्क माझा नाही. मी सांगायची थांबते आणि भात टाकायला उठते. माझ्या नावाखाली तिला जागा सोडलीय. ते रमाकांतने वाचायचं नाही, आणि मला तर वाचता येतच नाही.

तुझ्यावरचा आळ आज उतरवला. माझ्यावरचा राहू दे.

तुझी आय,
तुळसा

आत्या, तीस तारखेच्या आत येते. आजीला एवढ्यात सांगू नकोस. मला कळलं नव्हतं, तसं दोन दिवस तिलाही कळू नये, असं मला वाटतं. चुकतंय का?
किर्ती