यागोदाचं तेल

९ सप्टेंबर

यागोदाचं तेल खोटं आहे! नाकाशेजारची ही एवढीशी जखम ईस्टरपासून छळतेय. खपली धरते, पडते, पुन्हा ओली. तिचं कांतारियोनच्या फुलांचं तेल ऑगस्टपासून लावतेय — लावून उन्हात जायचं नाही, तेही पाळते. फरक शून्य.

यंदा गुडघ्याने दगा दिला, म्हणून जुलैत संत इव्हानच्या सणाला डोंगरावर ती पिवळी फुलं खुडायला गेले नाही. नाहीतर शेजारणीपुढे हात कोण पसरतं? चीजची अख्खी चकती दिली तिला, बदल्यात ही बाटली.

१० सप्टेंबर

बाटली उजेडात धरली. लाल आहे. पण लाल काय, मिरचीच्या पुडीनेही होतं! फुलं ऑलिव्हच्या तेलात मुरवली की सूर्यफुलाच्या, देव जाणे. सावो म्हणतो, "तेलाला नावं ठेवतेस आणि बाटली उशाशी घेऊन झोपतेस." नवरा माझा, बाजू तिची.

१३ सप्टेंबर

चर्चबाहेर यागोदाला गाठलं. फुलं कुठली, बरणी उन्हात किती ठेवली, असं आडून आडून विचारलं. ती माझ्या नाकाकडेच बघत होती. मग म्हणाली, "मिलेवा, ह्याला तेल लावू नकोस आता. डॉक्टरला दाखव. पुढची बाटली मी देणार नाही."

चोराच्या मनात चांदणं! पितळ उघडं पडेल म्हणून मलाच डॉक्टरकडे पिटाळतेय.

१४ सप्टेंबर

चीज परत मागावं का? सावो म्हणतो, एव्हाना पचलंसुद्धा असेल.

१६ सप्टेंबर

नाश्त्याला प्रिगानित्से, म्हणजे पिठाचे गोळे, तळताना कढईतलं तेल उडालं. डाव्या हातावर हा मोठा फोड. बराच वेळ गार पाण्याखाली हात धरला, तर सावो यागोदाचीच बाटली घेऊन हजर. आधी नको म्हटलं. मग म्हटलं, लाव! हात चिघळू दे, तोच तिच्या दारात नेऊन दाखवते.

१९ सप्टेंबर

जळजळ थांबली. गार पाण्यामुळे असेल.

२८ सप्टेंबर

हातावर नवी कातडी आली. कोवळी, डागसुद्धा नाही. सावोला दाखवला. त्याने हात बघितला, मग माझं नाक बघितलं. थट्टा केली नाही. बार शहरातल्या इस्पितळाकडे जाणारी सकाळची बस कितीला आहे, ते विचारायला गेलाय.

तेल अस्सल आहे. देवा, ते खोटं असतं तर किती बरं झालं असतं.