अर्धा मिनिट

दादा,

मी आत्याकडे जातेय. दोन दिवस फोन करू नकोस, उचलणार नाही. जेवण फ्रीजमध्ये आहे.

काल रेडिओ वाजला तेव्हा मी वेड्यासारखी नाचले, आत्याला फोन लावून ऐकवला. तूही टाळ्या पिटल्यास. आज सकाळी डोक्यात आलं, व्हॉल्व्हचा रेडिओ तापायलाच अर्धा मिनिट घेतो, मग काल बटण दाबताक्षणी आवाज आला कसा? मागचं झाकण काढलं तर आत आगपेटीएवढं नवं, तयार सर्किट! बाबांनी जपून ठेवलेलं किट आपण चार महिने जोडत बसलो, आणि स्पीकरच्या वायरी तू त्या डबड्याला जोडून मोकळा झालास.

रेडिओ वाजेना तेव्हा "तुझेच टाके कच्चे" म्हणत तू मला सगळं सोल्डरिंग दोनदा करायला लावलंस. मी निमूट केलं. रंगांचे पट्टे वाचून पार्ट हातात द्यायचं काम तुझं होतं, आणि केशरी पट्ट्याचा रेझिस्टर तू लाल समजून दिलास. बरोबरचा नवा आणलेला तुझ्याच खणात सापडला, कागदात गुंडाळलेला. म्हणजे तुला कळलं होतं. बदलला असतास तर नवा टाका मला दिसला असता, आणि चूक तुझी हे कळलं असतं ना!

तो रेझिस्टर मी बसवलाय. तुझं सर्किट टेबलावर आहे, उचल.

रेडिओ आता खरा वाजतो. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट गप्प उभा राहा. गप्प राहणं तुला छान जमतं.