डावीकडचा आवाज

१२ नोव्हेंबर, बुधवार

ट्रान्सफॉर्मर उडाला! कोपऱ्यावरचा. आधी घरातले दिवे एकदम पांढरेफटक झाले – डोळ्यांवर हात धरावा इतके – मग धाडकन आवाज आणि सगळं गप्प. मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत आपल्या होम थिएटरसमोर. "प्लग! प्लग काढ!" असे ओरडले की वाटलं घरात साप निघाला. मी पोचेपर्यंत स्वतःच उड्या मारून सगळे प्लग उपटले होते. उशीरच झाला असणार.

पाच स्पीकर, जमिनीवरचा तो धमधम करणारा डबा आणि मधे काळा ॲम्प्लिफायर. वर्षभर वाचून, दहा जणांना विचारून घेतलेला. हे दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासतात, संध्याकाळी तासभर ऐकत बसतात. दुसरा नाद नाही. आज मेणबत्ती घेऊन त्या डब्याशेजारी बसले होते, आजारी माणसाजवळ बसावं तसे!

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. एक दिवस शांतता." कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं आणि लवकर आडव्या झाल्या. माझंही डोकं जड आहे. झोपते. सकाळी शाळेची बस काढायची आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वीज आली. फ्रिज ठीक, पंखे ठीक. मी निघायच्या घाईत, तरी यांनी सेट लावलाच. हे कपाटामागे वायरींच्या जंजाळात, मी सोफ्यावर ऐकायला.

"येतोय का?"
"उजवा येतोय."
"डावा?"
"नाही."
"आता?"
"नाही हो. मेलाय तो."

कपाटामागून मोठा उसासा.

संध्याकाळी पुन्हा तेच. त्या यंत्रात एक सोय आहे – एकेका स्पीकरमधून आळीपाळीने फस्स आवाज सोडतं, कोण जिवंत कोण मेला ते कळायला. उजव्याचं फस्स स्वच्छ. डाव्याचं कुठेतरी लांब, तेही उजवीकडूनच आल्यासारखं. यांनी डाव्याला कान लावला. "अगं, वाजतोय की!" मग माझ्या शेजारी येऊन बसले. पुन्हा फस्स. मान हलवली. "मला तर येतोय. पण लॅबच्या मशीननं माझ्या कानांचं भरीत झालंय. तुझे कान तिखट. तू म्हणतेस तेच खरं."

बारीक घूं पण येतेय सारखी. वायर कुठेतरी ढिली असणार.

१४ नोव्हेंबर

यांचा नवा शोध – वीज गेल्यामुळे यंत्र सगळं विसरलंय. कुठला स्पीकर किती लांब, किती मोठा, सगळं पुसलं गेलंय. टेप घेऊन सोफ्यापासून मोजमापं! यांना कवळीत केसाएवढा फरक चालत नाही, इथेही चालेना. सगळं पुन्हा भरलं. मग डाव्याचा आवाज वाढवत नेला. "आता सारखा झाला?" नाही. "आता?" नाही. अगदी शेवटापर्यंत नेला तेव्हा सासूबाई आतून आल्या. "भिंत पाडताय का रे?"

सासूबाईंना ऐकू आला! मी हसले. मग हसू अर्धवटच राहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज स्पीकरांची अदलाबदल. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. हे म्हणाले, "बिघाड स्पीकरचा असेल तर त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. जागेवरच राहिला तर ॲम्प्लिफायरचा." पटण्यासारखं होतं.

बिघाड जागेवरच राहिला. डावीकडे.

"म्हणजे ॲम्प्लिफायरची डावी बाजू जळली," हे म्हणाले. चेहरा एवढासा झाला. मला मात्र उगाच हायसं वाटलं. कशानं, ते स्वतःला विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर

घूं शोधायला यांनी एकेक प्लग काढला. टीव्हीचा, डब्याचा, शेवटी ॲम्प्लिफायरचा. "आता गेली ना?"

मी म्हटलं, गेली.

गेली नव्हती. सगळं बंद, वायरी जमिनीवर पडलेल्या, आणि घूं तशीच. आत्ता लिहितानाही आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

 अक्षर बघा काय झालंय.

शाळा सुटल्यावरची फेरी. पिवळ्या गेटाचा थांबा. मुलं नेहमी डाव्या दारानं उतरतात, दाराशी मुलांना उतरवून घेणारी आमची मदतनीस मावशी उभी असते, सगळी उतरली की "चला" म्हणते. वर्षानुवर्षं तिच्या त्या 'चला'वर माझा पाय ब्रेकवरून उठतो. आज मला वाटलं ती म्हणाली. पाय उठला. बस हलली – आणि कुणीतरी पत्र्यावर दणादण बुक्क्या मारायला लागलं. आरशात बघितलं तर मावशीचं तोंड उघडं, हात हवेत. दप्तराचा पट्टा दारात अडकलेला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मुलगी. पहिलीतली.

ब्रेक इतका दाबला की सीटवरची मुलं पुढे आपटली. मुलीला काही झालं नाही. काही नाही! गुडघाही खरचटला नाही. बस हातभर सरकली असेल. पण मागचं चाक – नको.

मावशी वर आली. पांढरी पडली होती. "ताई, तीनदा ओरडले मी थांबा म्हणून! तीनदा! कुठे लक्ष होतं?"

लक्ष होतं. सगळं लक्ष तिथेच होतं.

घरी आले. हे लॅबमध्ये, सासूबाई पडलेल्या. सेट लावला, फस्स सुरू केलं. उजवा आला, डावा नाही. मग उठले आणि लाकडी खुर्ची उलटी फिरवली. टीव्हीकडे पाठ करून बसले.

आता डावा स्पीकर स्वच्छ ऐकू आला. उजवा मेला.

ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे. वायरी ठीक, स्पीकर ठीक. मी डावा कान तळव्यानं झाकला – काही फरक नाही. उजवा झाकला – सगळं घर बुडालं. फक्त घूं.

 खुर्ची जाग्यावर ठेवली. यांना सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल.

१८ नोव्हेंबर

सकाळी फोन करून कळवलं, ताप आहे. खोटं. पण बसला हात लावणार नाही. नाहीच.

संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात टॉर्च. झाकण उघडलं, मीटर लावला, एकेक वाजवून बघितलं. "दोन्ही बाजू सारख्याच आहेत साहेब. याला काहीही झालेलं नाही."

"असं कसं? हिला ऐकू येत नाही डावीकडचं. हिचे कान चुकत नाहीत कधी."

दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलून आत पळाले. ओट्याला धरून उभी राहिले. 

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकून किंचाळलेच. सासूबाई! डावीकडे उभ्या. म्हणाल्या, "दोनदा हाक मारली." मग वळसा घालून उजवीकडे आल्या. मुद्दाम. माझ्या तोंडाकडे बघत हळू म्हणाल्या, "चार दिवस बघतेय. मान वळवून ऐकायला लागलीस. माझंही असंच सुरू झालं होतं."

मी कप विसळायला घेतले.

"मी कुणाला सांगितलं नाही गं. वाटलं, जाईल आपोआप. दोन वर्षं लपवलं. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही."

मी रडले. ओट्यावर डोकं टेकून. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "आत्ता जाऊन सांग त्याला. नाहीतर मी सांगते, आणि माझा आवाज चार घरांत जातो."

सांगितलं. हे जमिनीवर स्क्रू गोळा करत होते. ऐकून हात थांबला. मग म्हणाले, "आणि मी टेप घेऊन सोफा मोजत होतो." एवढंच. हातातले स्क्रू घट्ट धरलेले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कानाच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, बोलायला ठाम. चिमट्यासारखं काहीतरी वाजवून माझ्या कपाळावर मधोमध टेकवलं. "कुठे येतोय आवाज?" उजवीकडे. मग काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. उजव्या कानाला टकाटक दाबलं. डाव्याच्या वेळी वाट बघत बसले. काचेपलीकडे त्या बटणं फिरवतायत, मला दिसतंय की आवाज सोडतायत, आणि इथे काही नाही! एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. बाळंतपणातसुद्धा नाही.

नस आहे म्हणाल्या. मळ नाही, सर्दी नाही, नस. "कधीपासून?"

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याच दिवशी यायचं असतं हो. यात एकेक दिवस महत्त्वाचा."

यांनी मान खाली घातली. मी टेबलाखाली यांचा हात धरला. यांची काय चूक? मीच म्हणत होते, स्पीकर मेलाय.

गोळ्या आजपासून. आणि कानाच्या पडद्यातून सुई! सुई आत गेली तेव्हा खोली गर्रकन फिरली. परत येईल का ऐकू? "काहींचं येतं. थोडं. काहींचं नाही. आपण प्रयत्न करू."

२१ नोव्हेंबर

शाळेच्या गाड्या बघणाऱ्या साहेबांना भेटून खरं सांगितलं. मावशीला बरोबर नेलं. साहेब म्हणाले, "सांगितलंत हे चांगलं केलंत. बदली माणूस नेईल बस. तुमचं पुढे काय ते नंतर बघू."

नंतर बघू! मला बस चालवण्याशिवाय काय येतं?

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "त्या दिवशी मी फार बोलले." मी म्हटलं, "नसतीस बोललीस तर आज कुठे असते मी?"

२४ नोव्हेंबर

काही फरक नाही.

२७ नोव्हेंबर

दुसरी सुई. फरक नाही. रस्ता ओलांडायला भीती वाटते – गाडी कुठून येतेय ते कळत नाही, सगळ्या उजवीकडूनच येतात! यांनी माझ्या डावीकडे चालायचं ठरवलंय. बोलत नाहीत, नुसते येऊन त्या बाजूला उभे राहतात. सेटवर चादर टाकून ठेवलीय. लावा म्हटलं तर "मूड नाही".

सासूबाई मला ओठ वाचायला शिकवतायत. आज त्या आवाज न काढता बोलल्या आणि मी मोठ्यांदा म्हणून दाखवलं, "तुमचा मुलगा गाढव आहे." बरोबर निघालं! किती दिवसांनी हसलो तिघं.

३ डिसेंबर

फोन वाजला. यांचा, लॅबमधून. सवयीनं डाव्या कानाला लावला. लावला आणि लक्षात आलं, आता बदलायला हवा – आणि आत कुणीतरी बोललं. मुंगीएवढं. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. पण बोललं!

"अहो, पुन्हा बोला."
"काय बोलू? भाजी आणू का विचारतोय."
"तेच बोला! पुन्हा बोला!"

भाजी, भाजी, भाजी. वेड्यासारखे पलीकडून म्हणत राहिले. पाठीमागे लॅबमधली माणसं हसत होती, तीही ऐकू आली.

५ डिसेंबर

काचेची खोली. डाव्या कानाला बटण दाबलं! सगळ्यांना नाही, बारीक आवाज निसटले, पण दाबलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. घरी येऊन यांनी चादर काढली, फस्स लावलं, मी डोळे मिटले. डावं फस्स डावीकडून आलं. फिकं, पण डावीकडून. हे लगेच उठून चष्मा पुसायला लागले.

असंच सुधारत गेलं तर पुढच्या महिन्यात पत्र देईन, ते साहेबांना दाखवा, असं त्या म्हणाल्या. बसचं बोलतायत! जीव भांड्यात पडला.

डोक्याचा स्कॅन मात्र करून घ्या म्हणतायत. "एकाच कानाचं असलं की आत बघून घेतोच. रीत आहे."

८ डिसेंबर

स्कॅन नको वाटतंय. त्या नळीत अर्धा तास पडून राहायचं, हलायचं नाही. माझा तर लिफ्टमध्ये जीव घाबरतो. हेही म्हणाले, "ऐकू यायला लागलं की आता. राहू दे हवं तर." मी लगेच हो म्हटलं!

सासूबाईंनी ओठांवरून वाचलं असणार. दाराशी येऊन म्हणाल्या, "तुमचं दोघांचं ठरलं का? मग आता माझं ऐका. जाऊन या."

९ डिसेंबर

झाला. आत फार ठणठणाट होता. दोन्ही कानांनी ऐकला! डोळे उघडलेच नाहीत. संपलं एकदाचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. हे गाडी लावायला जागा शोधत राहिले, तोवर माझा नंबर लागला. एकटीच आत गेले.

गाठ आहे. आत, डाव्या कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. वाटाण्याहून लहान. कर्करोग नाही, हळूहळू वाढते, बरीच वर्षं तिथे असणार. "औषधानं सूज उतरली म्हणून ऐकू आलं. गाठ जाग्यावरच आहे. लवकर सापडली हे फार चांगलं झालं. काढायची का, नुसती लक्ष ठेवून राहायचं, ते बसून ठरवू. मिस्टरांना आत बोलवा."

काचेतून दिसतायत. रस्ता ओलांडून येतायत. मला बघून हसले, हात केला. मीही केला.

दार ढकलतायत.