माझ्या जागेवरची सुपारी

३ फेब्रुवारी १९७३, शनिवार

हे आले. सोबत आणले –
इरकली लुगडे, हिरवे : ८५ रु.
चहा, पाव किलो : २ रु. ६० पै.
उदबत्तीचा पुडा : ४० पै.
कंपनीची निमंत्रणपत्रिका : फुकट.

पंच्याऐंशी! इथे रेशनवर मिलोची लाल ज्वारी निवडून बोटे दुखतात आणि यांना इरकली सुचते. बोलणारच होते. पण आधी पत्रिका वाचली. यांच्या तरंग रेडिओ कंपनीला दहा वर्षे झाली. माघी पौर्णिमेला, १७ तारखेला, पुण्यात कारखान्यातच सत्यनारायण आणि कामगारांचा सत्कार. पहिल्या दिवसापासूनचा कामगार जोडीने पूजेला बसणार. म्हणजे हे. आणि मी!

"तुझ्याशिवाय पूजा व्हायची नाही," म्हणाले.

लुगड्याची घडी दोनदा उघडली. दोनदा घातली.

५ फेब्रुवारी, सोमवार

पहाटेच्या एसटीने गेले. डब्यात एक पोळी उरली – दोघांच्या अंदाजाने केल्या होत्या. गाईला घातली.

लग्नाला सोळा वर्षे. त्यांतली दहा हे पुण्यात, चौघांच्या खोलीत. मी बेलापुरात, देवांपाशी. "घरच्या देवाला दिवा कोण लावणार?" असे सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्या. दिवा राहिला, मीही राहिले. मूल असते तर हा प्रश्न कोणी विचारला नसता.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कॅलेंडर पाहिले. नेमकी पौर्णिमेलाच माझी अडचण! कधी मागेपुढे होत नाही, तर आताच का होईल?

शेजारची बनुबाई म्हणाली, "लांबवायच्या गोळ्या मिळत्यात म्हनं सिरामपूरला. घ्या की एक. देव काय तपासाया येतुय व्हय?"

नको. तिथे मांडीला मांडी लावून बसायचे, तीर्थ-प्रसाद, चारचौघे पाया पडणार. देवाला फसवून लुगडे मिरवायचे नाही. यांना कार्ड टाकले – 'अडचण आहे, येता येणार नाही.' एवढेच. कार्ड पोस्टमन वाचतो. १० पैसे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आले. 'गुरुजींना विचारले. पत्नीच्या जागी सुपारी ठेवली तरी पूजा चालते. काळजी नसावी.'

चालते!

१७ फेब्रुवारी, शनिवार. पौर्णिमा

अजून काही नाही. सोवळ्याने स्वयंपाक केला, देवांना अभिषेक केला. मूठभर रव्याचा शिरा केला. आता तिकडे संकल्प चालला असेल – माझे नाव घेत असतील की नुसतेच 'पत्नी' म्हणत असतील?

१९ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. म्हणजे जाता आले असते! देवा, मी तुझा मान राखला आणि तू माझी ही थट्टा केलीस.

लुगडे ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून.

२५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या आळीतला छगन आला. यांच्याच कंपनीत खोकी बांधायला आहे. यांनी त्याच्याबरोबर पाठवले – प्रसाद (वाळलेला), कागदाच्या पुडीत सुपारी, हळदकुंकवासकट, आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. प्रत्येक कामगाराला एकेक दिला म्हणे. डब्यावर कोरले आहे – 'तरंग रेडिओ, दहा वर्षे, कृतज्ञतापूर्वक.'

छगन चहा पिता पिता म्हणाला, "वैनी, तुमची सुपारी लई झ्याक दिसत हुती! पाटावर, रेशमी रुमालावर. आमी दादांना म्हनलो, अशी बायकू पायजे – बोलत न्हाई, रुसत न्हाई, लुगडं मागत न्हाई!"

मीही हसले. मग म्हणाला, "सायबांनी लई ग्वाड भाषन केलं. म्हनले, रेडिओ कामगार बनवत्यात, पन कामगारांचं घर बाया चालवत्यात. आज त्यांचे उपकार मानायचे. समद्या बायांनी जरा हुबं ऱ्हावा."

"मग?"

"ऱ्हायल्या की समद्या. टाळ्या लई वाजल्या."

सुपारी बसूनच राहिली असेल.

पुडी देवघरात ठेवली. तिचे विसर्जन करावे की फोडून खावी, ठाऊक नाही. डबा फळीवर टाकला, पालथा.

४ मार्च, रविवार

आज दूधवाल्याशी बोलले. आणखी कोणाशी नाही.

१८ मार्च, रविवार. होळी

पुरण शिजवले. एकटीला एक पोळी पुरे – तीही गेली नाही, पुरणाच्या वासानेच मळमळले. महिनाभर मनात होते ते शेवटी बनुबाईपाशी बोलले – दुसरी तारीखही तशीच गेली. ती म्हणाली, "गेला आता इटाळ कायमचा. कुना-कुनाचा लौकर जातो. सुटलात बाई!"

मला सदतिसावे चालू आहे. दर महिन्याला कोपऱ्यात बसून चिडायचे, तरी आत कुठेतरी वाटायचे, अजून दार उघडे आहे. तेही लागले. यांना काय लिहू? 'काळजी नसावी'?

सुटले म्हणे.

३ एप्रिल, मंगळवार

ओकाऱ्या थांबेनात म्हणून बनुबाईने गोजरबाई सुईणीला आणले. तिने डोळे पाहिले, पोट चाचपले, चार गोष्टी विचारल्या आणि बनुबाईलाच टपली मारली. "गेलं काय म्हंतीस? आलंय! दोन म्हैनं झालं. बाई, या वयात पहिलटकरीन – पुन्याच्या मोठ्या डाक्टरला दावा, हितं ऱ्हाऊ नगा."

म्हणजे त्या पौर्णिमेला – देवा, तोंडात मारून घेते.

कार्ड नको. अंतर्देशीय, १५ पैसे. सगळे लिहिले. फळीवरचा डबा काढून घासला, देव त्यात ठेवून पाहिले. सगळे बसतात, समईसुद्धा. पत्राच्या शेवटी लिहिले – 'दिवा तिथे लावीन. पुढच्या पूजेला सुपारी नको. वेगळी खोली बघावी आणि न्यायला कधी येता ते उलट टपाली कळवावे.'