टाकी गळायची थांबली, मामा

तीर्थस्वरूप मामांना,

ठोंब्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकलो तेवढ्यावर गोड मानून घ्या. ती कशी धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या की रविवारपासून पुन्हा कुरकुरतोय, कोपरंही खरचटलीत, आणि कारण विचारलं की तुम्ही "हवा बदलली" म्हणता. हवेनं माणसाची कोपरंही खरचटतात हे मला नव्यानंच कळलं, पण वडीलधाऱ्यांच्या गुडघ्याची उलटतपासणी करायची माझी पद्धत नाही. तेल लावत जा, जिने टाळा. मामींच्या डोळ्यांचं काय झालं? हे पत्र त्याच वाचून दाखवत असतील तर त्यांनाही नमस्कार. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर "हं, बोल" म्हणता आणि मी तोंड उघडायच्या आत तो मामींच्या हातात देता. मग पुढचा अर्धा तास मी जेवलो की नाही, यावरच जातो. म्हणून लिहायला बसलो. बसवत नाही, पण बसलो.

आमच्या वर्गाची टाकी तुम्हाला तोंडपाठ आहे. तुमच्याकडे आलो की चहाचा कप हातात पडायच्या आत मी तिचंच रडगाणं लावतो, असं मामी म्हणतात आणि ते खरं आहे. तरी एकदा शेवटचं सांगतो. आमची 'ड' तुकडी शाळेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत बसते. कुठल्याच तुकडीत न मावलेली मुलं आणि कुठल्याच तुकडीनं न मागितलेला मास्तर, असा आमचा संसार. खोलीच्या डोक्यावर शाळेची पाण्याची टाकी आहे. तिच्या पाइपाचा जोड कित्येक वर्षं गळतोय आणि ते पाणी छताच्या भेगेतून बरोबर फळा आणि टेबल यांच्या मधे, म्हणजे जिथे मी उभा राहतो तिथे, टपकतं. मला केस होते तेव्हा ते मुरायचं तरी. आता आवाज होतो. मी अर्ज केले. मुख्याध्यापिकाबाई प्रत्येक वेळी गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या की अर्ज वरती पाठवलाय. हे वरती म्हणजे कुठे ते मला अजून कळलेलं नाही, कारण आमच्या वरती फक्त ती टाकी आहे.

मग गेल्या वर्षी ते अनुदान निघालं. सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी मुलांना काही नव्या पद्धतीनं शिकवावं, त्यासाठी पैसे मिळणार. मी लगेच फॉर्म भरला. उपक्रमाचं नाव: टाकीची दुरुस्ती. 'या उपक्रमामुळे विद्यार्थ्यांमध्ये मोजता येण्याजोगा कोणता बदल दिसेल?' या प्रश्नापुढे लिहिलं, 'मुलं कोरडी राहतील.' फॉर्म परत आला. दुरुस्ती हा नवोपक्रम होत नाही, असा शेरा होता. मी डोक्याला हात लावून बसलो (हात ओला झाला), तेव्हा आमचे चित्रकलेचे मास्तर, ज्यांना सगळी शाळा ब्रश म्हणते, ते म्हणाले, अहो सर, तुम्ही गळणं थांबवायला पैसे मागताय, ते कोण देईल? गळण्यालाच पैसे मागा ना. आणि त्यांनी मधल्या सुट्टीत माझा फॉर्म नव्यानं लिहून दिला. 'थेंबावर चालणारे घड्याळ: विद्यार्थ्यांनी केलेला कालमापनाचा प्रयोग.' मी म्हटलं, ब्रश, ही चक्क थाप आहे. ते म्हणाले, सर, फॉर्म आहे हा, शपथपत्र नाही. माझा बेत सरळ होता, मामा. अनुदान पदरात पडलं की कुठल्या तरी कोपऱ्यातून टाकीचा जोड बसवून घ्यायचा आणि उरलेली नोकरी कोरड्या डोक्यानं करायची. यापेक्षा मोठी महत्त्वाकांक्षा या वयात मला झेपत नाही.

चूक एवढीच झाली की फॉर्मवर मुलांच्या सह्या हव्यात म्हणून मी तो वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं, नेहमीसारखी खिडकीबाहेर बघतील. आमची मुलं खिडकीबाहेर बघण्यात फार पटाईत आहेत. तर मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात हजेरीखेरीज एक अक्षर बोललेली नव्हती, ती म्हणाली, सर, पण गळतीखालची बादली रोज मधल्या सुट्टीलाच भरते. मी म्हटलं, बरं मग? ती म्हणाली, म्हणजे घड्याळ आहेच की. आणि झालं! दुसऱ्या दिवशी पोरांनी बादलीत रिकामी बाटली तरंगत सोडली, बाटलीला काठी बांधली, काठीला लाल चिंधी. पाणी चढलं की चिंधी चढते आणि तास संपायच्या ठिकाणी लावलेल्या डब्याला काठी टेकली की डबा खाली पडतो. (पहिल्यांदा पडला तेव्हा मी टेबलाखाली होतो.) टाकी वरून कायम भरत राहते म्हणून थेंबाचा वेग बदलत नाही, हे त्यांनी शोधून काढलं, मी नव्हे. मी पुस्तकात बघून खात्री केली, आणि तेही त्यांना न कळता.

तुम्हाला आमचा शिपाई ठाऊक नाही. घंटा तो मनाला येईल तेव्हा देतो. चहा लांबला की तासही लांबतो. त्यामुळे महिनाभरात असं झालं की सगळी शाळा आमच्या डब्याकडे कान लावून बसू लागली. मग एक दिवस 'अ' तुकडीतला एक मुलगा, चष्मा, इस्त्री, सगळं असलेला, आमच्या दारात येऊन विचारू लागला की तास संपायला किती वेळ आहे. मामा, 'अ' तुकडीनं 'ड' तुकडीला काही विचारायची ती पहिलीच वेळ. माझी पोरं काय ताठ बसली हो! मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं चिंधीकडे पाहिलं, उगाच थोडा वेळ घेतला आणि मग उत्तर दिलं. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझा चेहरा त्या वेळी मास्तराला शोभण्यासारखा राहिला नव्हता.

अनुदान मंजूर झालं. आता हे लोक पैसे देतात ते असेच देत नाहीत. दर पंधरवड्याला अहवाल, अहवालासोबत फोटो, फोटोत मुलं आनंदी हवीत पण कॅमेऱ्याकडे बघत नसावीत. आनंदी दिसा आणि इकडे बघू नका, असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. रात्री डोळे मिटले तरी रकाने दिसतात. हे सगळं मी ओढलं, कारण त्या पैशातून मोठं काचेचं भांडं आलं, कप्पी आली, डब्याऐवजी खरीखुरी पितळी घंटा आली. आणि आता येत्या गुरुवारी समिती पाहणीला येणार आहे. चाललेलं घड्याळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अनुदान आणि जिल्ह्याच्या मेळ्यात माझी मुलं घड्याळ मांडणार. नाही पाहिलं तर सगळं सामान परत.

पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या शाळेला काय होतं, ते कुठल्याही शाळेला विचारा. भिंती रंगल्या. कुंड्या उगवल्या. मोडकी बाकं धड बाकांमागे लपली. आणि सोमवारी सकाळी मी वर्गात शिरलो तर खोलीत शांतता. एवढी वर्षं त्या टप टपची इतकी सवय की मला आधी वाटलं, माझे कान गेले. छत कोरडं! फरशी कोरडी! मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या, चेहऱ्यावर नवरीच्या आईचं समाधान. म्हणाल्या, सर, तुमची एवढ्या वर्षांची तक्रार होती ना? करून घेतलं बघा सगळं समिती यायच्या आत. मी "आभारी आहे" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ज्यासाठी मी अर्ज करून करून थकलो, ते नको झालं त्याच आठवड्यात झालं.

मुलं वेळेआधी आली होती. हल्ली ती वेळेआधी येतात, भांडं रिकामं करून चिंधी खाली आणायला. सगळी भांड्याभोवती उभी राहून वर बघत होती. मग त्या मुलीनं मला विचारलं, सर, परत कधी गळणार? मी हजेरी घेतली. मामा, मला फार वाईट वाटलं. मास्तरकीत इतकी वर्षं काढली, एवढं वाईट मला निकाल लागतानाही वाटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एक बादली टांगून भोक पाडायचं, त्यात काय एवढं. पाडलं. वरचं पाणी जसं उतरतं तसा थेंब मंदावतो. पहिला तास चटकन संपला आणि शेवटचा संपेचना. शिपाईसुद्धा हसला. मग मी स्वतः पाना घेऊन शिडीवरून टाकीपाशी गेलो, म्हटलं जोड जरासा सैल करू. तर तो असा बसवलेला की तसूभर हलेल तर शपथ. मी जोर लावला, जोडाचं काही झालं नाही, माझी कंबर सुटली. ब्रशनी आणि शिपायानं मिळून मला खाली उतरवलं. खाली वर्गातली सगळी मुलं आशेनं छताकडे बघत होती.

असो. हे असं आहे. तुम्हाला त्रास द्यावा असं काही नाही, मन मोकळं करायला दुसरं घर नाही म्हणून लिहिलं. मामींनी केलेली गोधडी पाठीखाली घेऊन पडलो आहे. तब्येतीला जपा. शिडी, जिना, गच्ची या गोष्टींपासून दूर राहा.

तुमचा,
ठोंब्या
(वय पन्नाशीच्या पुढे, हे नाव आता बदलायला हरकत नाही)

ता. क. मामी, इथून पुढे फक्त नळकामातलं बोलणं आहे, तुम्हाला कंटाळा येईल. कागद मामांकडे द्या आणि चहा टाका.

ता. क. २. मामा, वर्गाच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कुजलेला वायसर सापडला. स्वच्छ कागदाच्या तुकड्यावर, मधोमध, नीट मांडून ठेवलेला. आमच्या घरी लहानपणी नळ दुरुस्त झाला की जुना वायसर असाच कट्ट्यावर मांडलेला असायचा, कशावर दिवस काढत होता ते बघा म्हणून. जगात ही खोड मी एकाच माणसाची पाहिली आहे. मग शिपायाला खोपच्यात घेतलं. तो म्हणाला, बाईंनी कुठलं काय करून घेतलंय, रविवारी एक म्हातारेबुवा आपणहून आले, पिशवीतून पाना काढला, मास्तरांच्या डोक्यावर पाणी पडतं म्हणे, असं म्हणाले, शिडीवरून घसरता घसरता वाचले, पैसे घेतले नाहीत, आणि मास्तरांना सांगू नका म्हणून बजावून गेले. मामींना तुम्ही त्या दिवशी कुठे जातो म्हणून सांगितलं होतं, ते मी विचारत नाही.

ता. क. ३. इतक्या वर्षांत माझं रडगाणं सगळ्यांनी ऐकलं. पाना पिशवीत घालून निघालात ते एकटे तुम्ही. कट्ट्यावरचा वायसर मी त्याच कागदात गुंडाळून खिशात ठेवला आहे. त्यामुळे हे कोणत्या तोंडानं सांगू कळत नाही, पण बुधवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर या आणि तो जोड थोडा बिघडवा. तुमच्या हाताला वाईट काम जमत नाही हे मला माहीत आहे. नसेल जमत तर बारीक तोटी बसवा, नळी सोडा, तुमच्या जिवाला पटेल असं काहीही करा. थेंब टाकीचाच हवा, सारखा पडणारा हवा, आणि जिथे मी उभा राहतो तिथेच पडला तरी आता चालेल.

ता. क. ४. मामी, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक होतं. रागावू नका. या खेपेला शिडी, हे पत्र हाती आणून देणारे ब्रशच धरतील, आणि तुम्हीही बरोबर या, म्हणजे मामा घाईनं उतरणार नाहीत.

ता. क. ५. मामा, टाकी दुरुस्त करणाऱ्याला माझी मुलं वर्गात काय काय म्हणतात, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना सांगितलंय की बुधवारी एक मोठे घड्याळजी येणार आहेत. घड्याळ बंद पाडणारे आणि घड्याळजी एकच, हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. आणि जुना वायसर घेऊन या म्हणाल तर तो मी देणार नाही.