एक किडनी व्हाल्मोरकडे

९ जून

गाठ आहे. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीवर गाठ निघाली. डॉ. बेर्तोल्दीबाई म्हणाल्या, बहुतेक कॅन्सरच.

डावी किडनी माझ्याकडे नाही. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याला दिली. व्हाल्मोर बरा झाला, अंगात जोर आला आणि दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. माझी किडनी घेऊन.

११ जून

जुसाराला सांगितलं. पोरगी रडली नाही, लगेच फोन उचलला.

"तुझ्या बाबाला कळवायचं नाही," मी म्हटलं.

"आई, तुझा निम्मा संसार त्याच्या पोटात आहे."

चिडायचं होतं, हसूच आलं.

१५ जून

डॉक्टरबाईंनी आज नीट समजावलं. अख्खी किडनी काढली तर कायमचं डायलिसिस. म्हणून फक्त गाठ काढायची आणि उरलेली शिवायची. पोटाला बारीक भोकं पाडून रोबोटचे हात आत घालणार. किडनीचं रक्त थोडा वेळ अडवायचं, तेवढ्यात काम उरकायचं.

"म्हणजे यंत्र करणार?"

"मीच करणार. कोपऱ्यात बसून. हातात दांडे, पायाखाली पेडल."

पेडल म्हटल्यावर जरा बरं वाटलं. आमच्या पोर्तो अलेग्रे शहराच्या चढांवर लोकांना गाडी शिकवण्यात माझा जन्म गेला. "माझ्या विद्यार्थ्यांसारखे धक्के देऊ नका," म्हटलं. बाई हसल्या.

"आणि नाहीच वाचली किडनी तर?"

"तर काढावी लागेल. पण मला वाटतं वाचेल."

वाटतं!

१८ जून

व्हाल्मोर दारात. पोरीने सांगितलंच शेवटी. जूनचा हिवाळा, थंडीने नाक लाल, हातात संत्र्यांची पिशवी.

"कशी आहेस?"

"माझी किडनी कशी आहे ते सांग."

"मजेत. तिला बिअर चालत नाही, म्हणून सोडली."

संत्री घेतली. त्याला आत घेतलं नाही. दवाखान्यात यायचं नाही, हेही बजावलं.

२४ जून

उद्या ऑपरेशन.

२७ जून

आहे मी. किडनीही आहे — निम्म्याहून जास्त! नर्सने लघवीची पिशवी उचलून दाखवली. "बघा, कामाला लागली." एवढ्याशा पिवळ्या पाण्याकडे मी किती वेळ बघत राहिले.

पोटावर बारीक टाके. हसलं की ओढतात, आणि जुसारा मुद्दाम हसवते.

ती म्हणाली, बाबा ऑपरेशनच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये बसून होता. सकाळपासून.

"वर का नाही आला?"

"तूच नको म्हणालीस ना."

हो. म्हटलं होतं.

८ जुलै

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ, सगळा निघाला. औषधं नाहीत, फक्त अधूनमधून तपासणी. घरी येऊन पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी चव लागली.

२० जुलै

टाके बघून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, व्हाल्मोर सांगू नका म्हणाला होता, पण राहवत नाही. ऑपरेशनच्या आधी तो त्यांना भेटून गेला. तिची नाही वाचली तर माझ्यातली काढून तिला परत लावता येते का, विचारत होता. सोबत कपड्यांची बॅग घेऊनच आला होता.

घरी येऊन व्हाल्मोरला फोन लावला. "संत्री संपली," मी म्हटलं. "घेऊन ये, या वेळी आत बस."