कुंकवाखालचं पान

२ ऑक्टो., दसरा
पाचोडहून परत, एसटीत. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
आज्याचं पुस्तक माझ्या पिशवीत आहे. मेंढरांची दुखणी आणि झाडपाल्याचे उपाय. त्यानंच छापून घेतलेलं, एवढी एकच प्रत उरली. चुलतभाऊ महादूदादाच्या देव्हाऱ्यात असते. दसऱ्याला बाहेर निघते, हळदकुंकू लागतं, पुन्हा कापडात. वाचत कुणीच नाही. कसर लागलीय, शेवटची पानं चाळणी झालीत. मी दरसाल मागते. दरसाल एकच उत्तर : ‘पोथी हाय ती. लेकीबाळींनी हात नाय लावायचा.’
आज सगळे सोनं लुटायला वेशीकडं गेले आणि मी उचललं. चोरी नाही. गाडी सुटल्यावर मीच दादाला फोन करून सांगितलं.

५ ऑक्टो., रवि.
खिडकीशी टेबल, पुस्तकावर काच, वर मोबाइल. बावीस पानांचे फोटो. फोटोवरून मजकूर उतरवताना संगणक जुन्या छपाईतली निम्मी अक्षरं चुकवतो. उद्यापासून चिकलठाण्याच्या कंपनी बसमध्ये, जाता-येता, ई-रीडरवर तपासायची.
हे म्हणाले, ‘लोकं मेंढरं विकून प्लॉट घ्यायलेत, अन् तू?’
म्हटलं, ‘चहा टाका.’
दादाचे सात फोन. उचलले नाहीत.

८ ऑक्टो.
पहिली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. दरसाल कुंकू तिथंच, तेलाचं बोटही तिथंच. शहागंजात बाइंडिंगवाल्या चाचांना दाखवलं. ‘पानी मत लगाओ ताई. भाप दिखाओ, खुदिच छोड़ देगा.’ एवढं खराब कुणी केलं, विचारलं. म्हटलं, पूजा करणाऱ्यांनी. लई हसले.

१२ ऑक्टो., रवि.
पातेल्याच्या वाफेवर धरलं. चिमटीनं हळूहळू सोडवत गेले. एक कोपरा फाटला, माझ्याच हातून. जिवाला लागलं. पण पान सुटलं.
आज्याची प्रस्तावना. लाल डागाखाली अक्षरं शाबूत : ‘यातील सर्व उपाय माझी पत्नी ठकूबाई हिने सांगितले. मला केवळ लिहिता येत होते.’
आजी! सगळं आजीचं. आणि लेकीबाळींनी हात लावायचा नाही.
आधी रडले. मग असा राग आला की भाकरी थापताना परात वाजत होती.

१३ ऑक्टो.
पुस्तक पुरं झालं. ई-रीडरवर उघडलं, हवं तेवढं मोठं अक्षर. पहिल्या पानावर आज्याच्या नावाआधी आजीचं नाव घातलं. छापील पुस्तकात तसं नाही. काढू का? नाही काढत.
दादाचा फोन उचलला.
‘उद्या आणून देती, का आम्ही येऊ?’
‘मीच येते. सगळ्यांना घरी थांबव. वहिनीला अन् सुनांनाबी.’
‘कामून?’
सांगितलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती.
रजा टाकली. पुस्तक परत देणार, पण आधी ओट्यावर बसून ते पान मोठ्यानं वाचणार. दादा उठून गेला तर जाऊ दे. वहिनी बसली तर तिच्यासाठी पुन्हा वाचीन.